कमलने मागितलेला चहा

चहा कमलच्या नाकातून बाहेर आला तेव्हा मोबाईलातल्या मॅडमचा चेहरा हसरा होता, तसाच अडकून पडला होता. कमल निळी पडत होती आणि माझ्या हातात रिकामी बशी होती. मग एकदम मॅडमचा आवाज आला, "पातळ देऊ नका आजी, पातळ नको!" तोपर्यंत देऊन झालं होतं.

कमल माझी धाकटी जाऊ. सोनाळ्याच्या या घरात आम्ही दोघींनी जन्म एका चुलीवर काढला, नवरे गेल्यावरही चूल वेगळी केली नाही. तिची जीभ तिखट. मी काही सांगायला लागले की म्हणायची, "बाई, सांगून राह्यल्या का भांडून राह्यल्या?" अशी ही बाई एका सकाळी मिरच्या निवडता निवडता आडवी झाली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तोंडातून नुसतं "आ... आ..." निघायचं.

वाचा परत आणणारे डॉक्टर इकडे जवळपास नाहीत. तिच्या मुलाने, दिनकरने, शहरातल्या एका मॅडमची शिकवणी मोबाईलवर लावून दिली. रेंज फक्त गोठ्यापाशी, म्हणून रोज सकाळी कमलची खुर्ची म्हशीशेजारी. मॅडमने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गिळण्याची ताकद कमी झाली आहे, पाणी, चहा श्वासनळीत जाईल, सगळं पेजेसारखं घट्ट करून द्या. मी तसंच दिलं. कमल वाटी पाहून तोंड फिरवायची. "काऊन वं राणीसाहेब, शिरा पायजे का तुले?" म्हटलं की डाव्या हाताने मला चापट मारायची. पुढे शब्दांची शिकवणी सुरू झाली तेव्हा मॅडमने आणखी एक सांगितलं. ज्या वस्तूचं नाव तोंडातून येईल ती लगेच द्या, म्हणजे शब्द टिकतो. कमल "क..." पर्यंत यायची, मी तेवढ्यावरच कंगवा हातात द्यायचे.

त्या दिवशी मॅडमने कपाचं चित्र दाखवलं. मी शेजारी बसून माझा चहा बशीत ओतत होते. कमलने चित्राकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "च्या." स्वच्छ. दोन महिन्यांतला पहिला अख्खा शब्द. मॅडम "शाब्बास!" म्हणाल्या आणि तिथेच मोबाईलातलं त्यांचं चित्र अडकलं. मला घट्ट-पातळ काही आठवलं नाही. शब्द आला, वस्तू द्यायची, एवढंच डोक्यात... मी बशी तिच्या ओठांना लावली. ती घटाघट प्यायली.

जळगाव जामोदला नेली, तिथून अकोल्याला. चहा फुप्फुसात उतरला होता, त्याचा न्यूमोनिया झाला. नवव्या दिवशी गेली. दिनकरने एकदाच विचारलं, "मोठ्याई, मॅडमनं सांगतलं नव्हतं का तुले?"

"सांगतलं होतं," मी म्हणाले.

महिना झाला. बसायला येणाऱ्या बाया म्हणतात, आपल्या माणसाच्या हातचा चहा पिऊन गेली, भाग्याची. मी त्यांना गप्प करते. तिला चहा पिऊन जायचं नव्हतं, तिला बोलायचं होतं. मॅडमचाही फोन आला, रडत होत्या. मी म्हटलं, "रडू नका. पुढच्या घरी दोन्ही गोष्टी एका दमात सांगा, आन् घरच्या माणसाकडून वदवून घ्या."

कमल माझ्याहून सात वर्षांनी लहान होती. मी पाजलं आणि ती गेली. मी आहे.