बाबांच्या वहीतला कल

गॅसच्या बारीक आचेवर जर्मनच्या पोचे आलेल्या पातेल्यात रटरटणारी मैद्याची खळ, तिच्यात बाबांनी टाकलेला मोरचुदाचा निळा खडा, आणि तो विरघळत जाताना त्या पांढऱ्या खळीत उमटणारी फिकट आकाशी रेघ... माझ्या बालपणातला रविवार तिथून उजाडतो. बाहेर दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांवर हिवाळ्यातलं धुकं रेंगाळत असायचं, कडुनिंबांची नुसती खोडं दिसायची, शेंडे कुठे संपतात ते कळायचं नाही. आत खळीचा गोडूस वास, ट्रंकेतून नुकत्याच निघालेल्या स्वेटरांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा कोरडा, धुळकट वास – असे तीन वास एकमेकांत मिसळून बाहेरच्या खोलीत ठाण मांडून बसायचे. खळ निवली की बाबा फोल्डिंगचं टेबल उघडायचे, त्याच्या एका आखूड पायाखाली घडी केलेला पुठ्ठा सारायचे, आणि आठवडाभर कापून ठेवलेली कात्रणं जाड कागदांवर चिकटवायला बसायचे.

कात्रणं असायची ती अभ्यासक्रमांची. कुठे वनशास्त्र शिकवतात, कुठे छपाईचं तंत्र, कुठे काचेवरचं काम. प्रवेशपरीक्षा कधी, वसतिगृह आहे की नाही... बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. पण त्यांच्या नोकरीची सुरुवात साताऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून झाली होती, आणि तीही अशी, की मॅट्रिकचा निकाल लागला त्याच आठवड्यात आजोबांनी त्यांना साहेबांपुढे नेऊन उभं केलं. "आम्हाला कुणी विचारलंच नाही," एवढंच ते त्याबद्दल म्हणत, तेही क्वचित, आणि मग चष्मा पुसत. मी नववीत असतानाच्या हिवाळ्यात त्यांनी एक लांबट, लाल पाठीची वही आणली आणि दिल्लीतल्या ओळखीच्या मराठी घरांत निरोप धाडला – आठवीपुढची मुलं रविवारी सकाळी आमच्याकडे पाठवा, पुढे काय शिकायचं ते आपण बसून बघू.

मुलं आली. सरोजिनी नगरहून, नेताजी नगरहून, डीटीसीच्या बसने, कानटोप्या घालून, आईवडिलांनी ढकलल्यामुळे नाखुशीने आली. आई त्यांना चहा आणि शेंगदाण्यांची वाटी द्यायची. बाबा प्रत्येकाला वहीचं एक पान द्यायचे आणि त्यावर सरकारी नोंदीसारखे मथळे घालायचे – नाव, इयत्ता, कल, शंका, पुढील कार्यवाही. मग पेन खाली ठेवून ते त्या मुलाकडे असे बघत, की जणू त्या खोलीत, त्या शहरात दुसरं कुणी नाहीच. तासभर विचारत. उत्तर आलं की थांबत, आणि तोच प्रश्न जरा वेगळा करून पुन्हा विचारत. मी शेंगदाण्यांची सालं गोळा करत दाराशी उभी असायची, आणि ते बघणं माझ्याच्याने बघवायचं नाही. माझ्याकडे ते असे कधीच बघत नसत. मला विचारत – जेवलीस का, स्वेटर घातलास का.

पहिल्याच रविवारी सलमा आली. सलमा बागवान, नुकतीच सोलापूरहून आलेली. तिच्या वडिलांची टपाल खात्यात बदली झाली होती. दोन घट्ट वेण्या, आणि हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बाबांनी तिचं पान आखलं आणि विचारलं, "सलमा, तुझा कल कशाकडे आहे?"

मी दिल्लीत जन्मले, दिल्लीत वाढले. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरी मराठी, पण तीही वरणभाताइतकी. आमच्या शहरात 'कल' म्हणजे एक तर काल, नाहीतर उद्या. तिसरा कल मी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, बाबा गडबडले. मी दारातूनच मोठ्याने म्हणाले, "बाबा, कल तो मंडे है!"

खोलीत हशा पिकला. बाबाही हसले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले, आणि कौतुकाने म्हणाले, "आमच्या नीलूला कोट्या सुचतात." तेवढ्यात सलमाने डबा उघडला. आत दगड होते. करडे, तांबूस, एक हिरवट, एकात चमकणारे कण. "काका, माझा कल दगडांकडं आहे," ती म्हणाली, इतक्या सरळ, की हसणारी मुलं डब्यात डोकावायला लागली.

नंतर स्वयंपाकघरात पाणी पिताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, कल म्हणजे ओढा. मन कुठं जातं ते. तुला माहीत नव्हतं ना?"

माझा तिळपापड झाला. "माहीत होतं," मी म्हणाले. "मी जोक मारला." आणि बाबांपुढेही मी तो जोकच राहू दिला. आमच्याच घरात, आमच्याच भाषेतला शब्द ह्या परवा आलेल्या मुलीने मला शिकवावा, आणि तो बाबांच्या रविवारचा सगळ्यांत मोठा शब्द असावा – हे कबूल करण्यापेक्षा मी त्या लाल वहीत तोंड खुपसून गुदमरले असते.

तिथून तो हेवा सुरू झाला आणि कोवळ्या वयातले हेवे असतात तसा तो पोटातच नांदायला आला. सलमाच्या वेण्यांचा नव्हता, मार्कांचाही नव्हता. हेवा होता तो बाबांनी तिच्यापुढे पेन खाली ठेवण्याचा. तिचं एक पान संपून दुसरं लागलं, तिसरं लागलं. तिच्यासाठी बाबा लायब्ररीतून भूगर्भशास्त्राची पुस्तकं आणायचे. ऑफिसातून येताना रस्त्याचं काम चाललेलं दिसलं की खडी उचलून खिशात टाकायचे, आणि आई पँट धुवायला घेताना वैतागायची. फेब्रुवारीत, सावरीला लाल फुलं आली तेव्हा, ते तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना भेटायला गेले. दोन बस बदलून. मला "तू पण येतेस का?" असं विचारलं होतं, पण ते विचारणं म्हणजे 'भाजी आणायला येतेस का' अशातलं. मी नाही म्हणाले, आणि दिवसभर गच्चीवर उन्हात पडून गाजरं खात रडले. संध्याकाळी ते परतले तेव्हा बाबांच्या बुटांवर रिजच्या टेकड्यांची पिवळट माती होती. ते बूट पॉलिश करायचं काम माझं होतं. त्या रविवारी मी ते केलं नाही.

एक गोष्ट मात्र मला जमायची, आणि ती बाबांना ठाऊक नव्हती. टेबलावर मुलं जे सांगत ते बहुतेक वेळा त्यांच्या आईवडिलांचं असे. खरं ते पाणी प्यायला आत आल्यावर निघे, ओट्याला टेकून, माझ्याशी. देशपांड्यांची वर्षा बाबांना म्हणाली 'बँक'. आत येऊन पेला तोंडाला लावता लावता मला म्हणाली, "सच बताऊँ? मुझे जानवरों का डॉक्टर बनना है. घरी सांगितलं तर मम्मी मारेल यार." मी तिचा पेला विसळून ठेवला. पुढच्या रविवारी पशुवैद्यकीय कॉलेजचं कात्रण गठ्ठ्यात सगळ्यांत वर आलेलं होतं, एवढंच. बाबांना वाटलं, आपल्याच हाताला ते आधी लागलं. अशी मी कितीतरी कात्रणं वर सरकवली. कुणाचं मन कुठे जातंय ते मला त्या पेला धरण्यावरून कळायचं, आणि ते कळलं की अंगावर गोड शहारा यायचा... मला तेच करायचं होतं. माणसांचं मन शिकायचं होतं. बाबा मला एकदा त्या टेबलासमोर बसवतील, पेन खाली ठेवतील आणि विचारतील, मग मी सांगेन – हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आधी आपण होऊन सांगणं म्हणजे मागून घेणं. सलमाला मागावं लागलं नव्हतं.

दहावीचा निकाल लागला तेव्हा अमलतास पिवळाधम्मक फुलला होता आणि कूलरच्या ओल्या खसाचा वास घरभर होता. बाबा अकरावीचा फॉर्म घेऊन आले तो भरूनच. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. "सही कर," ते हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "तुझं तर गणित पक्कंच आहे." शहरभरच्या मुलांना तास तास विचारणारा हा माणूस माझा फॉर्म मला न विचारता भरतो! रागाने मी पेनचं टोपण काढलं. आणि त्या रागातच, बघू या कधी विचारतात ते, म्हणून मी सही केली.

मग जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. इंजिनिअरिंग, मानेसरच्या कारखान्यात नोकरी, गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग मोजणं – केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही, आणि मी तो चालू देत नाही. सकाळी सहाला द्वारकेच्या कोपऱ्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. वाईट चाललंय असं मी म्हणणार नाही. आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले, फोल्डिंगचं टेबल आखूड पायासकट आलं. सलमा डेहराडूनला भूगर्भशास्त्रज्ञ आहे, आणि दर रविवारी दहाच्या ठोक्याला तिचा फोन येतो. "काका, कसे आहात?" आणि बाबांचा चेहरा असा उजळतो, की पन्नाशीला टेकलेली मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आदळते.

मागच्या हिवाळ्यातल्या अशाच एका रविवारी फोन ठेवून बाबा म्हणाले, "नीलू, ती लाल वही काढ गं माळ्यावरून. सलमाला तिकडच्या शाळेतल्या मुलांशी बोलायचंय, तिला तिच्या पानाचा फोटो हवाय." म्हणजे आताही वही निघणार ती सलमासाठीच. मी स्टुलावर चढले, ट्रंक उघडली. खळीचा वास गेला होता. मोरचुदामुळे कसर मात्र एका पानाला लागली नव्हती. सलमाचं पान शोधायला मी वही पहिल्यापासून उघडली, आणि पहिलं पान माझं होतं.

नाव: नीलिमा. इयत्ता: नववी. कल: गणित. शंका: नाही. पुढील कार्यवाही: आवश्यक नाही. आणि त्याखाली, साताऱ्याच्या कचेरीत फाईल मिटवताना लिहीत ते दोन शब्द – दप्तरी दाखल.

"बाबा," मी वही त्यांच्यापुढे धरली, "मला तुम्ही कधी विचारलंत?"

"म्हणजे काय! सगळ्यांच्या आधी तुलाच विचारलं." त्यांनी चष्मा लावून पानावरून बोट फिरवलं. "वही आणली त्याच संध्याकाळी. तू जिन्यात पुस्तक घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, 'नीलू, कल काय तुझा?' आणि तू मान वर न करता म्हणालीस, 'मॅथ्स.' एका शब्दात! बाकीची मुलं किती चाचपडायची, आठवतं ना. मला इतका आनंद झाला... पुन्हा विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, नको. बापाने दोनदा विचारलं की मुलं बापाला हवं ते उत्तर देतात."

जिना मला आठवला. सिमेंटच्या पायरीचा गारठा आठवला, खालून येणारा भाजलेल्या शेंगांचा वास आठवला, आणि मांडीवरचं पुस्तकही आठवलं. युनिट टेस्ट चालू होत्या. कल काय तुझा – मी ऐकलं होतं, उद्या तुझा कसला पेपर?

उद्या मॅथ्सचा पेपर होता.

पुढच्या रविवारी सगळे हसले तेव्हा, 'बाबा, मला तो शब्द खरंच माहीत नव्हता' एवढं एक वाक्य मी म्हणाले असते, तर त्यांनी त्याच संध्याकाळी वही उघडून ती ओळ खोडली असती. पण समोर सलमा होती. तिच्यापुढे मला हुशार दिसायचं होतं.

आता ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं. बाबांचं बोट अजून 'शंका: नाही' वर होतं, सुरकुतलेलं. आपल्याला कुणी विचारलं नाही, पण आपण आपल्या मुलीला सगळ्यांच्या आधी विचारलं, ह्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"हो," मी म्हणाले. "आठवलं."

मग सलमाच्या पानाचा फोटो काढून मी तिला पाठवून दिला. नवल म्हणजे, पाठवताना पोटात काहीच दुखलं नाही. इतक्या वर्षांचा तो जुना भाडेकरू खोली सोडून गेला होता. पण खोली रिकामी राहिली नाही. बाबा दुपारी झोपले की मी कधीकधी ती वही काढते, पहिलं पान उघडते, आणि तिथल्या त्या नीलिमाचा मला हेवा वाटतो – वडिलांनी जिला सगळ्यांच्या आधी विचारलं, आणि जिला उत्तर ठाऊक होतं.