तळाला आलेली इमारत

विद्यापीठाच्या गणित विभागाच्या तळघरात इमारत तापवणारा एक बॉयलर होता आणि त्या बॉयलरपाशी तेवीस हिवाळे काढलेला एक माणूस होता. प्राध्यापक त्याला तोंडावर 'मिस्त्री' म्हणत आणि पाठीमागे 'गारठोबा'. हे दुसरं नाव त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ते आवडायचंही.

त्याची कामाची रीतच तशी होती. दिवसातून दोनदा तो चारही मजले चढायचा. वेळापत्रक त्याला पाठ. ज्या खोलीत तासभर कोणी येणार नाही, तिथल्या गरम पाण्याच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह तो बंद करायचा आणि वर्ग भरायच्या वीस मिनिटं आधी उघडायचा. रेडिएटर तापलेला आणि वरची खिडकी सताड उघडी, असं दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग आत कुणीही बसलेलं असो, तो न विचारता खिडकी लावून टाकायचा.

"गरम होतंय तर व्हॉल्व्ह फिरवा," तो सांख्यिकीच्या बाईंना एकदा म्हणाला होता. "आभाळ तापवायला ठेवलंय का मला इथं?"

बाईंनी तक्रार केली. त्याला समज मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच खिडकी पुन्हा लावली. पृथ्वी वाचवायची वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं. फुकट जळणारं तेल त्याला बघवत नसे, इतकंच.

मग विद्यापीठाला कार्बनची काळजी लागली. हरित कक्ष निघाला, कक्षाला संचालक आले, आणि संचालकांच्या पाठोपाठ भिंतभर फलक आला. वर्षभरात कोणत्या इमारतीनं तेलात किती टक्के घट केली, त्याची यादी त्यावर लागली. पहिली आली रसायनशास्त्राची इमारत. तिथला माणूस सकाळी बर्नर पेटवून खुर्चीत बसायचा तो संध्याकाळीच उठायचा. कक्षानं सांगितलं म्हणून त्यानं रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या तेवढ्या लावल्या आणि एकतीस टक्के घट झाली. गणिताची इमारत अकरापैकी अकरावी. घट एक टक्का. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मिस्त्री तावातावानं संचालकांच्या खोलीत गेला.

"साहेब, माझ्या इमारतीला त्यांच्या निम्म्यानं तेल लागतं. ते बघा ना."

"आपण घट मोजतो, मिस्त्री. तुमच्या इमारतीत बदलाची इच्छाच दिसत नाही."

"म्हणजे आधी उधळलं असतं तर आज पहिला आलो असतो?"

"असं वाकड्यात शिरू नका," साहेब म्हणाले आणि त्यांनी नवा नियम वाचून दाखवला. आता तासातासाचा आकडा देणारे मीटर बसलेत, म्हणून येत्या हिवाळ्यात लागलेलं तेल पाया धरायचं आणि घट त्याच्याशी ताडून मोजायची. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जी इमारत तळाला येईल, तिथं स्वयंचलित यंत्र बसेल आणि तिथला माणूस फाटकावर पहाऱ्याला जाईल.

मिस्त्रीच्या डोक्यावर चार मजले भरून गणितज्ञ बसले होते. टक्केवारीतला हा घोळ त्यांच्यातल्या एकानंही साहेबांच्या कानावर घातला नाही. मिस्त्री गेला तर इमारत उबदार होईल, एवढंच गणित त्यांना कळलं.

बायको विद्यापीठाच्याच धुलाईघरात इस्त्रीवर होती. ती म्हणाली, "फाटकावर उभं राहिल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत."

"मला पडतील," तो म्हणाला.

आणि त्या हिवाळ्यात त्यानं सूड उगवला. त्यासाठी काही करावं लागलं नाही. जे तो रोज करायचा ते त्यानं सोडून दिलं. जिना चढला नाही, व्हॉल्व्हला हात लावला नाही. रविवारी रिकाम्या इमारतीत बॉयलर धडधडत राहिला. प्राध्यापक खिडक्या उघडून नुसत्या सदऱ्यावर बसू लागले आणि मिस्त्री सुधारला म्हणून एकमेकांना सांगू लागले. सहा आठवडे पुरणारी टाकी चार आठवड्यांत कोरडी पडायची. टँकर आला की तो पाठ फिरवून उभा राहायचा. तरी त्यानं हट्ट सोडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा जिने चढू लागला. घट तेहतीस टक्के. अकरा इमारतींत पहिला नंबर. दारावर पितळी पाटी लागली आणि फोटो निघेपर्यंत साहेबांनी त्याचा हात हातात धरून ठेवला.

दोन दिवसांनी साहेब तळघरात उतरले. याआधी ते कधी तिथं आले नव्हते. बराच वेळ ते बॉयलरच्या वयाची चौकशी करत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार चाललाय, हे मिस्त्रीनं ओळखलं.

"साहेब, काम काय ते बोला."

"मीटर तासातासाचे आकडे देतो, मिस्त्री. त्या हिवाळ्यातले रविवार मी तेव्हाच पाहिले होते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मलाही वर आकडा दाखवावा लागतो." साहेबांनी आवाज खाली आणला. "वसतिगृहांच्या सहा इमारती आता यादीत येतायत. त्यांचा पाया येत्या हिवाळ्यात ठरेल. तिथल्या माणसांना जरा समजावा, हा एक हिवाळा हात सैल सोडा म्हणून. त्यानंतर तुमची पद्धत शिकवा. सगळ्या बॉयलरांचे मुख्य मिस्त्री करतो तुम्हाला."

मिस्त्रीला साहेबांचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो याचा, की साहेब त्याच्याशी आपल्यातलाच एक समजून बोलत होते, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

"मला फाटकावर पाठवा," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का? पहिले आलात तुम्ही."

"म्हणूनच म्हणतोय."

त्यानं किल्ल्या पुढे केल्या. साहेबांनी त्या घेतल्या. विचार करा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

पुढचा सगळा हिवाळा तो फाटकावर उभा होता. समोरच वसतिगृहं. सहाही इमारतींच्या खिडक्या सताड उघड्या आणि धुराड्यांतून सुट्टीच्या दिवशीही दिवसभर धूर. दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोनं तो कुठं बघतोय ते पाहिलं.

"तुम्हाला काय त्याचं?" ती म्हणाली. "तुम्ही तर नाही म्हणालात ना?"

"म्हणालो," तो म्हणाला. "पण युक्ती साहेबांना माझ्याकडूनच कळली."