सर्वांत मोठी सही

नात इथे बहारीनमध्ये ईसा टाउनच्या शाळेत आहे. गेल्या महिन्यात इतिहासाचा धडा घेऊन माझ्यापाशी बसली. अमेरिकेतल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या आणि त्यांचं एक राष्ट्र कसं झालं, तो धडा. बहारीनला येण्याआधी चिपळूणजवळच्या शाळेत मी तोच शिकवायचो. समजावत समजावत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या सह्यांपाशी आलो आणि पुस्तक मिटलं.

"आजोबा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही," म्हणालो. पंचवीस वर्षं हेच म्हणत आलो आहे.

तेव्हा मी इथल्या तुबली भागातल्या एका गॅरेजमध्ये स्टोअरकीपर होतो. एका खोलीत आठ जण. मॅनेजरला अर्ज करायचा तर इंग्रजीत मी लिहायचो आणि खाली 'सर्व कामगार' एवढंच. सही कुणाचीच नसायची, कारण सही केली की व्हिसा गेला. त्या उन्हाळ्यात खोलीतला एसी बंद पडला. तीन अर्ज गेले, उत्तर नाही.

शुक्रवारी जेवताना माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हणालो, वसाहतींचे अर्जही राजाने असेच बाजूला टाकले. कागदावर कर, चहावर कर. मग त्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले, 'आम्ही स्वतंत्र आहोत' असं लिहिलं आणि खाली आपापली नावं घातली. हरलो तर याच नावांवरून फासावर जाऊ, हे ठाऊक असून. त्या सभेच्या अध्यक्षाची सही तर राजाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी मोठी होती म्हणतात. पुढे कित्येक वर्षं लढाई, फ्रान्सची मदत. जिंकल्यावरही तेरा जणांची तेरा तोंडं, म्हणून मग एक राज्यघटना.

"तेरा कुठले, आपण आठच," रायगडचा वेल्डर हसला. "पण मास्तर, अध्यक्ष मी हां!"

अर्ज मी लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळा कॅपिटलमध्ये. वेल्डरने सर्वांत वर, अर्धं पान अडेल अशी सही केली. बाकीच्यांनी त्याखाली.

"मास्तर, तुमची?"

"मी शेवटी करतो."

कागद गेला तेव्हा त्यावर सातच सह्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने वेल्डरला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. माझे दात वाजत होते. तिथल्या एसीच्या गारव्याने की भीतीने, सांगता येत नाही.

"किसने लिखा?"

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"मैंने," तो म्हणाला. त्याला इंग्रजीत जेमतेम स्वतःचं नाव लिहिता यायचं.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "ये इसी की लिखाई है?"

त्याला सगळं ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं.

"जी, सर."

"खलास."

तिसऱ्या दिवशी वेल्डरला विमानात बसवलं. पुढे गुदैबिया भागातल्या हॉटेलात चहा पिताना कुणी त्याचा विषय काढलाच तर मी म्हणायचो, "फार पुढेपुढे करायचा हो."

नातीच्या त्या धड्यानंतर मी वेल्डरचा नंबर शोधला. चार दिवस तो नुसताच खिशात बाळगला. पाचव्या दिवशी मोबाइल टेबलावर ठेवून फोन लावला. त्याचा आवाज म्हातारा झालेला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मास्तर, तो एसी लागला होता का?"

"लागला. पंधरा दिवसांत."

"तुम्ही झोपलात त्याखाली?"

"अकरा वर्षं."

मग म्हणाला, "हे माझ्या पोराला सांगा. तो म्हणतो, बापाने मस्तीत नोकरी घालवली."

फोन दुसऱ्या हातात गेला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

कॅलेंडर नव्हतं समोर. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.