टिकवलेली बाई

नाल्याकाठच्या त्या शाळेला शिक्षक मिळणं कठीण, आणि मिळालाच तर तो टिकणं महाकठीण. थोरल्या बाईंची मात्र सगळी हयात तिथेच गेली. नव्या शिक्षकाला तयार करण्याची त्यांची रीत न्यारी होती. पहिला महिनाभर खडूला हात लावू द्यायच्या नाहीत. शाळा सुटली की मुलांना घरी पोचवायला धाडायच्या. एकाच खोलीत रातपाळीचा बाप झोपलेला आणि पोरगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन भांडी घासतेय, हे बघून आलेला शिक्षक गृहपाठावरून पट्टी उगारत नसे.

पण असा घडवलेला माणूस टेकडीवरची मोठी शाळा अलगद उचलून नेई. तिथल्या मुख्याध्यापकांचा दरवर्षी फोन यायचा, "बाई, यंदा कोण तयार आहे?" भोळ्या बाई खरं तेच सांगत. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांनी भावाच्या मुलीला गळ घातली. पोरगी हाडाची शिक्षिका निघाली. एरवी तास बुडवणारी कार्टी तिच्या वर्गात पुढच्या बाकासाठी भांडू लागली. आपल्यामागे एक तरी धड माणूस इथे राहावं, एवढंच बाईंचं मागणं होतं. तेवढ्यात भाचीनं गुपचूप टेकडीवर अर्ज केला आणि मुख्याध्यापकांनी बाईंना विचारलं.

"मनानं चांगली आहे हो," बाई म्हणाल्या, "पण वर्ग सांभाळता येत नाही तिला. नात्यापायी ठेवलीय."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या. लाज वाटायची सोडून त्यांना हायसं वाटलं.

मुख्याध्यापकांनी नकार देताना कारणही सांगून टाकलं, आणि कोणाकडून कळलं तेही. भाची परत आली, रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फळाभर मजकूर लिहिला, "उतरवून घ्या" म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग रोज तेच. पोरं पुन्हा तास बुडवू लागली.

बाईंना राहवेना. त्या वर्गाच्या दारात गेल्या.

"अगं, मागची दोघं झोपलीत. ऊठ, शिकव की त्यांना."

"आत्या, मला वर्ग सांभाळता येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "तूच सांगितलंस ना?"

त्या वर्षाअखेरीस बाई निवृत्त झाल्या. भाची मात्र टिकली. अजून तिथेच आहे.