कवडीला चार दिवस ऊन

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी आपटले. निकाल तेव्हा कॉलेजच्या फळ्यावर लागायचा; तो पाहून हिंगणीला घरी परतले, तर बाबांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कॉलेज बंद. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस जेवले नाही. शेवटी आईने भांडून माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलं. पुन्हा नापास झाले तर मात्र ती मधे पडणार नव्हती.

त्या हिवाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सगळ्यांना सेमिनार द्यायला लावला. त्याचे मार्क निकालात धरणार होते. माझा विषय, झाडाची पेशी बिघडलेलं प्रथिन कसं ओळखते. मी धडाधडा पाठ म्हणून दाखवलं. प्रथिनाची घडी चुकली की आत दडायला हवा तो चिकट भाग उघडा पडतो. मग त्याला युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या लागतात, प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतं आणि त्याच तुकड्यांतून नवी प्रथिनं बनतात. खडू खाली ठेवला.

"घडी चुकली की लगेच चिठ्ठी?" सरांनी विचारलं.

पाठ केलेलं संपलं होतं. आठवलं ते आमचं अंगण. कापसाच्या वेचणीत अर्धवट उमललेली घट्ट बोंडं, म्हणजे कवडी, आई वेगळ्या फडक्यात बांधून आणायची. चार दिवस उन्हात घालायची, मग एकेक सोलत बसायची. तरीही जी उघडली नाहीत, ती चुलीत. लगेच काही फेकत नाही, सर, असं म्हणून मी हे सगळं सांगितलं. पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत. पेशीतही शॅपरोन नावाची प्रथिनं असतात, म्हणाले. ती बिघडलेल्याला धरून ठेवतात, पुन्हा नीट घडी पडू देतात, आणि नाहीच जमलं तर चिठ्ठी. नाव तेवढं लिहून घे, बाकी तुला येतं.

घरी येऊन मी हे मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. आई कवडीच सोलत होती, ती हसली. बाबा उठून बैलाला पाणी पाजायला गेले.

उन्हाळ्यात मी पास झाले. बाबांनी मार्कशीट हातात घेतली, बराच वेळ उलटसुलट केली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"म्या तुले लगेच चिठ्ठी लावलती ना वं?"

नाही म्हणायला हवं होतं. माझ्याने म्हणवलं नाही.