होटगीपलीकडचा तोतया

ती केस आठवली की आजही मिशीला पीळ द्यावासा वाटतो. होटगीपलीकडचं एक गाव माझ्या हद्दीत होतं. लिंगायत, मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान अशी मिश्र वस्ती. घरात कानडी, पारावर मराठी.

एके सकाळी तिथल्या पोलीस पाटलांचा फोन आला. "सायेब, हितल्या एका विधवा म्हातारीचा पळून गेलेला पोरगा लई वर्सांनी परत आलाय. पर मला त्यो खटकतोय. घराभायेर पडत न्हाय, आईपेक्षा सातबाराच जास्त बघतोय. म्हातारी सोमवारी समदी जमीन त्याच्या नावावर करनार हाय."

मी गाव गाठलं. म्हातारी लिंगायत, एकटी. होती नव्हती ती तेवढीच जमीन. तक्रार द्यायला तिनं साफ नकार दिला. "माजं लेकरू घावलंय, तुमच्या पोटात का दुकतंय ओ?" तक्रारीशिवाय डीएनए तपासणी तरी कशी करणार? स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला चौकशीला बोलावलं.

गडी पक्क्या तयारीचा. आजोबांचं नाव, बैलांची नावं, बांधावरची चिंच, सगळं घडाघडा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरा माणूस आठवताना अडखळतो, एखादी गोष्ट विसरतो. याचं सगळं तोंडपाठ होतं. पण नुसत्या संशयावर अटक होत नाही.

मी म्हटलं, "चल, तुझं गाव दाखव मला." पाटलांना घेऊन आम्ही पायीच निघालो. वाटेत एका दारात, लेकीकडून नुकतीच परतलेली एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. पाटलांनी तिला सांगितलं, "ह्यो आपल्या म्हातारीचा परत आलेला पोरगा." दारावर ७८६ लिहिलेलं. ते बघून पठ्ठ्यानं अदबीनं हात कपाळाला नेला. "सलाम, चाची."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "चाची? मी या गावची लेक हाय. हितली समदी पोरं, कुटल्याबी जातीची असूंद्यात, मला आत्या म्हनत्यात. त्या घरच्या पोराला तर म्या न्हाऊ घातलंय. तू कोन रं?"

त्याला दरदरून घाम फुटला. ठाण्यात नेल्यावर पोपटासारखा बोलू लागला. "खरा पोरगा बल्लारीत माज्याच खोलीवर ऱ्हातो, सायेब. घरची आटवन काढून रडायचा, समदं सांगायचा. आत्याचं बी सांगायचा. मला वाटलं बापाची सख्खी भैन आसंल. ती मुसलमानाची आसंल हे डोक्यातच आलं न्हाय!"

पोरगा जिवंत होता! मी खुर्चीतून उठलोच. तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला आणि त्याच दिवशी दोन माणसं बल्लारीला पाठवली. भांडून गेलेला पोरगा एका गॅरेजात काम करत होता, लाजेपायी परतला नव्हता.

त्याला ठाण्यात आणल्यावर त्याच्या आईनं त्याला क्षणभर न्याहाळलं, फाडकन मुस्काटात मारली आणि मग गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

गावात अमुक जातीची इतकी घरं, एवढं कळलं की गाव कळलं असं आपण धरून चालतो. त्या भामट्यानंही तेच केलं. त्यानंतर बदली होऊन कुठेही गेलो की मी आधी विचारायचो, इथे कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं? त्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

मायलेक निघाले तेव्हा म्हातारी कोठडीपाशी थबकली. आत तो भामटा मान खाली घालून बसला होता. "सायेब," ती म्हणाली, "माज्या हातचं खाल्लंय त्यानं. सोडू नगा त्याला. पर उपाशी बी ठिवू नगा."