साडीचं दुसरं टोक

सुमेधाला जाऊन आता महिना होऊन गेला. तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर उभी होते. "मावशी, आई इज नो मोअर," एवढंच ती बोलू शकली. झोपेतच हृदय थांबलं होतं. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या, मला चढायचं सुचेना… या परदेशातल्या शहरात, सेम्बावांग भागात, आम्ही एकाच इमारतीत एकाच मजल्यावर राहायचो. घरी जायचं तर तिच्या दारावरूनच जावं लागणार होतं.

सुमेधा प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करायची. मी बँकेतली, प्रथिनं म्हणजे डाळी आणि उसळी, इथे माझं ज्ञान संपायचं. रविवारी आम्ही सुती साड्यांना खळ द्यायचो, खिडकीबाहेर बांबूवर वाळवायचो आणि मग कॉरिडॉरमध्ये दोन टोकं धरून घड्या घालायचो. शेजारच्या चिनी आजी दारात येऊन बघत बसायच्या. तेवढ्यात सुमेधाची शिकवणी सुरू व्हायची.

"अगं, प्रथिन म्हणजे आधी नुसती लांब माळ. अमिनो आम्लांचे मणी ओळीने ओवलेले. अशी लोंबती माळ सहसा काही कामाची नसते. घडी बसली की मग ती कामाला लागते. आणि घडी चुकली, तर कधीकधी त्याचंच दुखणं होतं."

"पण घालतं कोण ही घडी?"

"कुणीच नाही. पाणी न मानवणारे मणी आत दडतात, पाण्याशी जमणारे बाहेर राहतात. आपलं आपण."

"म्हणजे तुझी प्रथिनं माझ्यापेक्षा हुशार. मला एका साडीला दुसरं माणूस लागतं."

ती हसली. "त्यातल्या काहींनाही लागतं गं. पेशीत गर्दी फार. भलत्यालाच चिकटू नये म्हणून सोबतीला वेगळी प्रथिनं असतात. ती आकार सांगत नाहीत. नुसती जवळ राहतात."

पुढे माझे यजमान गेले, आणि जो तो मला शहाणपण शिकवू लागला. फ्लॅट विक, पुण्याला ये, एकटी काय करणार तिथे… मीही बॅगा काढल्या होत्या. सुमेधाने चकार शब्द काढला नाही. रविवारी आली, माझीच वाळलेली साडी घेतली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर." मी इथे राहिले ती तिच्यामुळे. हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

तिच्या मुलीने सुमेधाचं घर रिकामं केलं आणि ती आपल्या घरी परत गेली. आता दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलते आणि घरी आल्यावर गप्प बसते. मराठीत भांडायलाही कुणी उरलेलं नाही.

परवा बऱ्याच दिवसांनी साडी धुतली. वाळल्यावर कॉरिडॉरमध्ये आले, एक टोक हातात धरलं. मग दुसरं टोक जाळीच्या दाराला बांधलं. काठाला काठ लागून घडी अगदी नीट पडली. ती नीट पडली म्हणूनच मला रडू आवरेना.